जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा

अकोला
५ जानेवारी २०२५

आदरणीय सुंदरामावशी,
सप्रेम जयभीम.

मागच्या वेळी तू म्हणालीस, फोनवर तू नुसता ‘हो, हो’ करतोस आणि मला तेवढंही ऐकू येत नाही, तेव्हा काय असेल ते कागदावर लिही. म्हणून लिहितो आहे.

बाबांची तब्येत आहे तशीच आहे. डावा हात अजून उचलत नाही. मी रविवारी हिवरखेडला जातो, त्यांची दाढी करून देतो आणि संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परत येतो. आई बरी आहे. थकली आहे, पण विचारलं की बरी आहे म्हणते.

आता मुद्दा. माझं बी.ए. झालेलं नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही. शेवटच्या सत्राचे मराठी आणि इतिहास हे दोन पेपर दिले आणि बाबांना लकवा मारला. इंग्रजी, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र राहिले ते राहिलेच. मला वाटायचं, पेपर कुठे पळून जातात? पण गेल्या महिन्यात तेल्हाऱ्याच्या कॉलेजातून बाबूंचा फोन आला. ते म्हणाले की आमचा जुना अभ्यासक्रम बंद झाला आहे आणि जुन्या विद्यार्थ्यांसाठी येणारी उन्हाळी परीक्षा शेवटची. ती चुकली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. आधीचं काही धरणार नाहीत.

बाबू खोटं बोलतील असं मी म्हणत नाही. पण ते बोलत असताना जेवत होते. विद्यापीठाचा फोन मी रोज लावतो, तो नुसता वाजतो. तू विद्यापीठापासून जवळ आहेस. जमलं तर परीक्षा विभागात जाऊन एवढं विचारशील का, की हे खरं आहे का? लेखी काही मिळालं तर उत्तम. घाई नाही, पण उशीरही नको.

तुझा,
धम्मदीप


वडाळी, अमरावती
१७ जानेवारी

प्रिय धम्मदीप,
जयभीम.

तुहं पत्र भेटलं. केवढं सुंदर अक्षर आहे बाप्पा, लग्नपत्रिका वाचून राहिली का काय असं वाटलं. अन् मजकूर मयतीचा.

गेली होती मी. फाटकावरचा पोरगा नवा आहे. म्हने, आजी, कोनाकडं जायचं? मी म्हटलं, लेका, तुह्या बापाच्या वयाची झाडं मी इथं गुडघ्याएवढी पाह्यली, मलेच विचारतं? मंग सोडलं त्यानं. खिडकीवरच्या पोट्टीनं मानेनं हो म्हटलं. तुहा बाबू खरं बोलला. या उन्हाळीनंतर जुनं सगळं बंद. लेखी काही देत नाहीत, भिंतीवर चिकटवलं आहे म्हने.

तुले माहीत नसंल, त्र्याऐंशी साली नागपूरपासून हे विद्यापीठ वेगळं झालं तवा तुहे मावसे मिस्त्रीच्या हाताखाली इथंच होते. मी गवंड्यांच्या भाकरी थापाले आली अन् मंग पोरींच्या होस्टेलात राहूनच गेली. मले कोनतं खातं कुठं आहे ते पाटी वाचून नाही, पोट्ट्यांच्या जेवनावरून समजे. रसायनवाल्यांच्या ओढनीले भोकं. गृहविज्ञानवाल्या वरनाले नाव ठेवत. संख्याशास्त्रवाली एक होती, ती पोळ्या मोजून घे अन् मोजून परत करे. कायद्याच्या पोरी भाजी खारट झाली तं अर्ज लिहून आनत, तीन सह्यांचा. भूगर्भवाल्या गोटे आनत. इकडं खारं पानी कुठं अन् गोडं कुठं, हे गोट्यावरून समजते म्हने. माह्या खिडकीत गोट्यांचा ढीग. मराठीवाल्या जेवतांना रडत. ग्रंथालयवाल्या मुकाट्यानं जेवून उठून जात, त्या मले आवडत.

एवढ्या सगळ्या इथून शिकून गेल्या. तुहे तीन पेपर काहून राहतीन? भर अर्ज. भेऊ नोको. तू लहानपनी विहिरीत उतराच्या आधी पायरी मोजे अन् मंग उतरेच नाही.

तुही मावशी,
सुंदरा


अकोला
२ फेब्रुवारी

आदरणीय मावशी,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. तू उन्हातून जाऊन आलीस, त्याचं वाईट वाटलं. बाबू जेवतानाही खरं बोलतात, एवढं समजलं.

अडचणी लिहितो. पहिली, परीक्षा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे भर लग्नसराईत. आमच्या दुकानात तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. पत्रिका, फ्लेक्स, स्वागताच्या कमानी. मालक रोहितदादा वाईट माणूस नाही, पण सुट्टीचं नाव काढलं की त्याचं डोकं दुखतं. दुसरी, माझ्याकडे पुस्तकं नाहीत. बाबांना लकवा झाला त्या वर्षी घराची आवराआवर केली तेव्हा गेली. तिसरी अडचण तिसऱ्या क्रमांकावर लिहितो आहे, पण खरी तीच आहे. मला परीक्षेची तेवढी भीती नाही, मावशी. पुन्हा अपेक्षा धरायचा कंटाळा आला आहे. दुकानातून खोलीवर आलो की पोळी गरम करायचाही कंटाळा येतो, त्यात हे.

तरी परवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गेलो. बी.ए. नंतर काय काय करता येतं ते सगळं वाचलं. समाजशास्त्रात एम.ए. आहे. ग्रंथालयशास्त्र आहे. कायदा आहे. एका वहीत उतरवून घेतलं. प्रत्येकापुढे किती वर्षं आणि प्रवेशपरीक्षा आहे की नाही तेही लिहिलं. तुला सहज विचारतो, त्या ग्रंथालयवाल्या मुलींना पुढे नोकऱ्या लागल्या का?

तुझा,
धम्मदीप


वडाळी, अमरावती
२० फेब्रुवारी

प्रिय धम्मदीप,
जयभीम.

अजून हळद लागली नाही अन् तू पाळन्याचा भाव विचारून राहिला. आधी तीन पेपर. मंग ग्रंथालय.

पुस्तकाचं तेवढं सोड. आमच्या होस्टेलात एक रीत होती. शिकून जानारी पोट्टी आपली पुस्तकं माह्या पिठाच्या कोठीत टाकून जाय. पुढच्या साली जिले लागतीन ती हात घालून घे. कोनी नाव लिहायचं नाही, कोनी विचारायचं नाही कोनाचं आहे. कोनाले लाज वाटाले नोको म्हून पहिल्या एका पोरीनं पाडली रीत, मंग चालूच राहिली. मी घरी बसली तवा कोठी संग घेऊन आली. नव्या पोट्ट्या मोबाईलात वाचतात, त्याहिले पीठ आवडत नाही.

त्यातून समाजशास्त्र अन् अर्थशास्त्र काढलं. इंग्रजीचं एक आहे, त्याले पुट्ठा नाही. अकोला गाडीच्या ड्रायवरजवळ गुरुवारी देईन, बस स्टँडवर उभा राहजो. ड्रायवरले चहा पाजजो, पैसे देऊ नोको, रागवंल तो.

सुट्टीचं मालकाले आत्ताच सांग. ऐन वेळेवर सांगशीन तं त्याचं डोकं दुखंलच.

माह्या उजव्या डोयात जाळं आलं आहे. सरकारी दवाखान्यात नंबर लागला की काढतीन. काही मोठं नाही. अक्षर वाकडं दिसलं तं समजून घेजो.

तुही मावशी,
सुंदरा


अकोला
९ मार्च

आदरणीय मावशी,
सप्रेम जयभीम.

पुस्तकं मिळाली. ड्रायव्हर चहा घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, सुंदराबाईच्या हातचं खाल्लं आहे, चहा काय पाजतो. त्याची बहीण तुझ्या होस्टेलला होती म्हणे.

समाजशास्त्राच्या पुस्तकाची पानं उघडली की पीठ सांडतं. समासात कुणीतरी पेन्सिलने ‘हे येतंच’ असं जागोजागी लिहिलं आहे, आणि एका धड्यावर ‘हा आला तर देवच रक्षण करो’. मी आधी तोच धडा वाचला. सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास वाचतो. इतक्या वर्षांनी वाचताना डोकं गंजलेल्या कुलपासारखं झालं आहे, पण हलतं.

रोहितदादाला सुट्टीचं सांगितलं. बहिणीच्या घरी काम आहे असं सांगितलं. मला सख्खी बहीण नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला खरं कारण सांगता येत नाही, कारण दुकानात सगळे मला बी.ए. झालेला समजतात. मी तसं कधी म्हटलं नाही. नाही असंही कधी म्हटलं नाही.

आता महत्त्वाचं. परीक्षेचा अर्ज संगणकावर भरून ठेवला आहे, पण अजून सादर केलेला नाही. एकदा सादर केला की दुरुस्ती होत नाही. सोबत त्याची छापील प्रत पाठवतो आहे. माझं नाव, बाबांचं नाव, नावनोंदणी क्रमांक, विषय, सगळं एकदा तुझ्या डोळ्यांखालून घाल. जुन्या गुणपत्रिकेची प्रतही जोडली आहे, तिच्याशी ताडून पाहा.

तू म्हणशील, स्वतःच का नाही पाहत? पाहिलं आहे, खूपदा. पण आमच्या दुकानाचा नियम आहे, ज्याने टाइप केलं त्याने तपासायचं नाही. माणूस आपल्या हातचं वाचत नाही, त्याला जे हवं असतं ते वाचतो. मी लागल्यापासून आमची एकही पत्रिका चुकलेली नाही ती याच नियमामुळे. दुकानात हा कागद दाखवता येत नाही. आईला वाचता येत नाही. बाबांना वाचता येतं, पण त्यांना दाखवला तर ते आशा धरून बसतील. राहिलीस तू.

शेवटची तारीख ३१ मार्च आहे. म्हणजे वेळ भरपूर आहे. तुझं ‘बरोबर आहे’ एवढं आलं की लगेच सादर करतो.

तुझा,
धम्मदीप


वडाळी, अमरावती
८ एप्रिल

प्रिय धम्मदीप,
जयभीम.

मोठं अक्षर काढून राहिली, हसू नोको. डोयाचं ऑपरेशन झालं. तू पत्र लिहिलं त्याच हप्त्यात नंबर लागला. दवाखान्यातून सुटल्यावर रूपाली मले दर्यापूरले घेऊन गेली. पोटची पोरगी म्हनजे जेलर. टीव्ही नाही, चूल नाही, खाली वाकनं नाही. काल आली घरी. घरमालकिनीनं तुहा लिफाफा टीव्हीवर जपून ठेवला होता, त्याच्यावर फुलदानी ठेवून.

आज भिंग घेऊन सगळं ताडलं. नाव बरोबर. तुह्या बाबाचं, देवमनभाऊचं नाव बरोबर. आकडे बरोबर. विषय बरोबर. एक चूक नाही रे लेका.

पन तारीख तं गेली. तू भरलाच असशीन. एवढा हुशार पोरगा माह्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईसाठी थोडाच थांबनार आहे? भरला ना? पेपर कवा आहेत ते लिही. तेल्हाऱ्यात सेंटर असंल तं मी येते, हिवरखेडले राहीन, तुले डबा देईन. चष्मा काळा आहे, लोक भेतीन मले, पन डबा गरम राहीन.

तुही मावशी,
सुंदरा


अकोला
१५ एप्रिल

आदरणीय मावशी,
सप्रेम जयभीम.

डोळ्याचं काम नीट झालं हे वाचून बरं वाटलं. डॉक्टर सांगतील तितके दिवस थेंब टाकायचे, मध्येच बंद करू नको. धूर टाळ.

अर्जाची काळजी तू करू नको. त्याचं जे व्हायचं ते झालं. एवढ्या उन्हात हिवरखेडला यायची गरज नाही. इथे बेचाळीसच्या वर गेलं आहे. फ्लेक्सला शाई धरत नाही, लवकर वाळून तडे जातात.

काल एका पत्रिकेवर नवरीच्या नावापुढे बी.ए., बी.एड. आणि नवऱ्याच्या नावापुढे नुसतं ‘शेतकरी’ होतं. नवऱ्याचा काका दुकानात येऊन भांडला, म्हणाला, ‘आमच्या पोराच्या नावासमोरही काही तरी टाका ना बावा, मोकळं मोकळं दिसते.’ रोहितदादा म्हणाला, ‘प्रगतिशील टाकतो.’ काका खूश होऊन गेला.

बाबांना आता भिंत धरून दारापर्यंत येता येतं. समाजशास्त्राचं पुस्तक सकाळी अजून वाचतो. सवय झाली आहे.

तुझा,
धम्मदीप


वडाळी, अमरावती
४ मे

धम्मदीप,

जयभीम. पुढचं सगळं मुकाट्यानं वाच.

‘त्याचं जे व्हायचं ते झालं’ असं मानूस मयताचं लिहिते, अर्जाचं नाही. मले तवाच खटकलं. पन म्हटलं, पोरगा कामात आहे. मंग पेपराची तारीख तरी पाहू म्हून काळा चष्मा घालून विद्यापीठात गेली. तिथं खिडकीत नाही, आत गेली. आकांक्षा मॅडम म्हून आहे, मोठी साहेब. माह्या हातच्या पोळ्या मोजून खानारी ती हेच. मले ओळखलं तिनं. उठून उभी राहिली. खुर्ची देली, चहा मागवला, डोयाचं विचारलं. तुहा नंबर टाकून पाह्यला. म्हने, मावशी, या नंबरचा अर्जच आला नाही.

मी म्हटलं, बाई, माह्यासाठी थांबला तो. मी दर्यापुरात पडली होती. कागद टीव्हीवर होता. मी हात जोडले धम्मदीप. तिनं माहे हात धरून खाली केले अन् म्हटलं, लेट फीचीही तारीख गेली, मावशी, तुमच्या एकासाठी खोलली तं बाहेर रांग लागंल, अन् ती रांगही तुमच्या पोरासारख्यायचीच असंल. चहा पाजला, खुर्ची देली, अन् नाही म्हटलं. मले तिचा राग आला. घरी येईस्तोवर गेला. हिशोबाची पोरगी ते, पह्यलेपासून.

आता तुह्यावरचा राग. तो गेला नाही.

मले सांग, एकतीस तारखेले रात्री बटन दाबाले काय झालं होतं? चूक राहिली असती तं राहिली असती. चुकीच्या नावाचा बी.ए. झाला असता तू. नाव मंग दुरुस्त करता येते, लोकं अफिडेविट करतात. पन तुले चूक शोधाची नव्हती. तुले थांबाचं होतं, अन् कोनाच्या तरी नावावर थांबाचं होतं. तं माहं नाव सापडलं. माह्या आंधळ्या डोयावर तू तुहं भेव ठेवून देलं अन् मंग मलेच सांगतं, काळजी करू नोको.

जास्त लिहिलं असंल तं असू दे. आता दिसते मले, म्हून लिहून राहिली.

सुंदरा


अकोला
२७ जुलै

आदरणीय मावशी,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. मी ते इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं आहे.

३१ तारखेला मी दुकानात बसलो होतो. सगळे गेले होते. अर्ज समोर उघडा होता. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. मला वाटलं, मावशीचं पत्र उद्या आलं आणि तिने काही चूक काढली तर? मग वाटलं, पत्र आलं नाही याचा अर्थ काही तरी चुकलं असेल. तारीख संपली तेव्हा पडद्यावरचं पान आपोआप बंद झालं आणि मला, खोटं लिहीत नाही, थोडं हलकं वाटलं. त्याची लाज दुसऱ्या दिवशी वाटायला लागली.

म्हणून तू लिहिलंस ते बरोबर असावं. मला थांबायचं होतं का, हे अजून नक्की सांगता येत नाही. पूर्ण उत्तर सापडल्यावरच लिहायचं असं ठरवलं असतं, तर हे पत्रही तारीख उलटून गेल्यावर आलं असतं. तुझ्या डोळ्याचा यात काही दोष नाही, एवढं मात्र नक्की सांगतो. तू कुणापुढे हात जोडावेस असं माझ्या हातून झालं, ते मला विसरता येणार नाही.

जूनमध्ये अकोल्याच्या एका कॉलेजात बी.ए. प्रथम वर्षाला प्रवेश घेतला. सकाळचं कॉलेज आहे, दुकान उघडायच्या आत सुटतं. आधीची वर्षं धरत नाहीत. सगळं पहिल्यापासून. नव्या अभ्यासक्रमात विषयांची निवड फार मोठी आहे, मुख्य, दुय्यम, कौशल्याचा वेगळा. माझ्याआधीच्या मुलीने पाच मिनिटांत निवडले. मला खिडकीवरच्या माणसाने दोनदा ‘मागे लोक आहेत’ म्हणून सुनावलं. मग मी समाजशास्त्रावर खूण केली आणि बाकीचे तो वाचेल तसे हो म्हणत गेलो. बरोबर निवडले की नाही माहीत नाही.

रोहितदादाला सांगावं लागलं. त्याने हातातली पत्रिका खाली ठेवली. मग म्हणाला, ‘म्हणजे तू बारावी पास आहेस? आणि मी तुझ्याकडून सगळ्या अकोल्याच्या पदव्या तपासून घेतल्या?’ नंतर हसला. पगार तोच ठेवला आहे.

पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर सर म्हणाले, ‘सोबत आलेल्यांनी बाहेर थांबावं.’ मी म्हणालो, सर, मी विद्यार्थी आहे. मुलं हसली. मागच्या बाकावर एक मुलगा सरकून बसला आणि म्हणाला, ‘या काका.’ त्याचं वय बहुतेक अठरा असेल. त्याने मला वेळापत्रकाचा फोटो पाठवला. आता सगळा वर्ग काका म्हणतो.

बाबांना मी सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं. रविवारी दाढी करताना त्यांनी माझा हात धरला आणि तोंड वाकडं करत विचारलं, ‘किती सालं?’ मी म्हणालो, तीन, चौथंही करता येतं. त्यांनी उजव्या हाताची बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि हात सोडून म्हणाले, ‘बरं. कर दाढी.’

आनंद वगैरे झाला आहे असं लिहीत नाही. बहुतेक दिवस तासाला डोळे मिटतात. सव्वीस वर्षांच्या माणसाने ‘समाज म्हणजे काय’ पुन्हा लिहून घ्यायचं, हे सोपं नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षेचा अर्ज ऑक्टोबरमध्ये निघेल म्हणतात. तो तुला पाठवणार नाही. तू रागावलेली असलीस तरी पत्र लिही, नसलीस तरी लिही.

उद्या सकाळी सव्वासातला अर्थशास्त्राचा तास आहे. सर हजेरी आधी घेतात. म्हणून इथेच थांबवतो.

तुझा,
धम्मदीप